एका माणसाची किटली

३ मार्च
रिटायर होऊन महिना झाला. एवढ्या काळात पेपर वाचण्यापलीकडे माझ्या हातून काही घडलेलं नाही. आजपासून आयुष्याला शिस्त. म्हणून किटली घेतली. चिनीमातीची नव्हे, चीनच्या मातीची. ग्लेज नाही, नक्षी नाही, रंग जांभळट तपकिरी. दुकानदाराने हा फरक मला अर्धा तास समजावला. मी बायकोला पाच मिनिटांत समजावला. ती म्हणाली, म्हणजे मडकंच ना.

४ मार्च
मातीचा वास जावा म्हणून नवी किटली आधी तासभर उकळायची असते. दुधाचं पातेलं अगदी मापाचं निघालं. वास गेला.

५ मार्च
वास कुठे गेला ते आज दुधात कळलं. बायकोने दूध ओतून दिलं आणि एक शब्द बोलली नाही. तिला हळूहळू पटतंय.

६ मार्च, सकाळी ६.४०
नियम लिहून फ्रिजवर लावले. एक, किटलीला साबण लावायचा नाही. दोन, तिच्यात एकाच जातीचा चहा, दूध-साखर बंद. तीन, चहा होत असताना बोलायचं नाही. तिसरा नियम दुकानदाराचा नाही, माझा. बायको हॉस्पिटलात हेड नर्स आहे, सव्वासातची बस धरते. त्याआधी चहा घेत गप्पा मारायची आमची अठ्ठावीस वर्षांची पद्धत. आता ती तिचा चहा ओट्यापाशी उभ्याने घेते. होईल सवय.

८ मार्च
झाकणाच्या छिद्रावर बोट ठेवलं की चांगल्या किटलीची धार थांबते. बायकोला करून दाखवलं. धार थांबली नाही, बोट भाजलं. पट्टी बांधता बांधता तिने बातमी सांगितली. हॉस्पिटलच्या नव्या शाखेत तिला मेट्रन करताहेत. नऊ तासांचा प्रवास, दोन वर्षं. राहायला एकटीची खोली हवी की दोघांचं क्वार्टर, ते फॉर्मवर लिहून पंधरा तारखेच्या आत द्यायचंय. विचारलं, तुम्ही याल ना? आता तुम्हाला ऑफिस नाही. माझं लक्ष होतंच, पण पानं किटलीत चाळीस सेकंदांऐवजी चार मिनिटं भिजत पडली होती. म्हटलं, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी किटलीचं माहितीपत्रक वाचलं.

१० मार्च
टेबलाला ओल लागू नये म्हणून किटलीखाली काहीतरी जाडसर हवं होतं. एक लिफाफा सापडला, अगदी बेताचा. नंतर बायको हॉस्पिटलचं पत्र शोधत होती. तेही सापडलं. फॉर्मवर गोल डाग पडलाय. डागाचा रंग मात्र अप्रतिम आहे, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं.

१२ मार्च
नव्याचे नऊ दिवस, असं ती मुलीला फोनवर सांगत होती. आज दहावा. मुद्दाम नोंद करून ठेवतो.
फॉर्मचं रविवारी निवांत बसून ठरवू, असं मी आपण होऊन सुचवलं. रविवार सोळा तारखेला येतो, हे तिने कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. बारीकसारीक गोष्टींत अडकायची तिची जुनी खोड.

१४ मार्च, सकाळी ६.५५
आज चहा जमला. तिसऱ्या कपाला घशात गोडवा रेंगाळला. डोळे मिटून बसलो होतो, तेवढ्यात बायको पेन घेऊन समोर उभी. तिसरा नियम मोडून विचारलं, एकाचं की दोघांचं, काय ते शेवटचं सांगा. म्हटलं, एकाचंच. मुद्दाम लहान करतात. दुसरा माणूस आला की मजा गेली. ती बरं म्हणाली आणि गेली. इतके दिवस मडकं मडकं करत होती, आज आपणहून माप विचारलं. कष्टाचं चीज झालं.

२० मार्च
बायको बॅग भरतेय. एकच बॅग. विचारलं, माझे कपडे कशात? म्हणाली, खोली एकटीची मिळालीय. असं कसं? मी तिला कधी नाही म्हटलं? तेवढ्यात मुलीचा फोन. बाबा, तुम्हीच म्हणालात ना आईला, दुसरा माणूस आला की मजा गेली? साफ खोटं. मी रेकॉर्ड विभागात उभा जन्म काढलाय. म्हटलं, पुरावा दाखव.
फोन ठेवून ही वही मागे चाळली. चौदा तारीख.
माणसाने सगळंच लिहून ठेवू नये. उद्या सकाळी तिला समोर बसवायचं आणि खरं काय घडलं ते सांगायचं. चहाच्या आधी. नक्की.

२१ मार्च
किटलीवर बाहेरून गरम पाणी ओतायचं राहिलं होतं. ते होईपर्यंत टॅक्सी आली. दारात म्हटलं, एक सांगायचंय, फोनवर सांगतो. ती म्हणाली, पोचल्या पोचल्या ड्यूटी आहे, साबण मोरीवरच्या फळीवर आहे.

२४ मार्च
फोन केलेला नाही. आधी मुद्दे काढतोय. साडेसहा ते सव्वासात काय करायचं ते सुचत नाही. चहा पाच मिनिटांत संपतो. तिची आठवण येते. लिहून टाकलं एकदाचं.

२९ मार्च
किटलीला चमक आली. दुकानदार म्हणाला होता, वर्ष लागेल. मी सव्वीस दिवसांत आणली. दिवसभर फडकं फिरवत बसायला वेळ मिळतो, त्याचा हा परिणाम.
दुपारी लाँड्रीवाला आला. दारातच त्याला किटली दाखवली, उजेडात धरून, सावकाश फिरवत. छान आहे म्हणाला. मग माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारलं, घरात कोणी आहे का, कपडे मोजून घ्यायला. म्हटलं, मी आहे की. तो म्हणाला, तसं नाही हो, कोणी.
नाही म्हणून सांगितलं.