हवेचं भाडं

८ जानेवारी

सन्माननीय ग्राहकबाई,

नमस्कार. आमच्या वेतकामाच्या दुकानातून पाळणा मागवलात, त्याबद्दल आभारी आहे. ऑर्डर पोचली, पैसेही पोचले. इकडे सगळं ठीक आहे. थंडी आहे, वेत वाळायला वेळ लागतो, एवढंच.

ॲपवर निरोप लिहायला एक खिडकी असते, पण चार ओळी झाल्या की ती पुढे लिहूच देत नाही. माझं चार ओळींत भागत नाही, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून तुमच्या पत्त्यावर हे पत्र टाकते आहे. तुमचं नाव तिथे दिसत नाही. नुसतं ‘ग्राहक’ आणि खाली घराचा पत्ता. तेव्हा मायना चुकला असेल तर सांभाळून घ्या.

मुद्द्याचं आधी सांगते. पाळण्याची जी किंमत आहे, तिच्या दुपटीहून जास्त तुम्ही कुरियरचं भाडं भरलंय. हे लक्षात आलं होतं ना? की घाईत बटण दाबलं गेलं? रद्द करायचं असेल तर खुशाल सांगा, मला राग येणार नाही.

आणि हे भाडं मी खात नाही बरं का. कुरियरवाले दोन हिशेब करतात. एक काट्यावरचं वजन, आणि दुसरं खोक्याची लांबी-रुंदी-उंची मोजून काढलेलं. जे जास्त भरेल ते लावतात. आता वेताचा पाळणा एका हाताने उचलता येतो, पण त्याचं खोकं कपाटाएवढं. म्हणजे आतल्या रिकाम्या जागेचेच पैसे. आमचे अण्णा, म्हणजे वडील, जन्मभर टोपल्या विणत आले. त्यांना मी हा हिशेब पहिल्यांदा सांगितला तेव्हा हातातला वेत खाली ठेवून म्हणाले, “म्हणजे हवेचं भाडं? अगं, पण हवा आपल्याच घरची ना? माल पोचल्यावर ती तरी परत पाठवतात का?”

आमच्या धंद्याचं हेच दुखणं आहे. लोक हौसेने टोपली निवडतात, रंग विचारतात, माप विचारतात, आणि पैसे भरायच्या पानावर भाडं दिसलं की पसार. एक बाई तर मला लिहून गेली, “टोपली पालखीतून येणार आहे का?” त्यांचंही बरोबर, माझंही बरोबर, आणि टोपली खुंटीवर. इतकं भाडं मुकाट्याने भरणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघते आहे. तुमच्या घरात कुणी कुरियरच्या धंद्यातलं असेल तर त्यांना विचारून बघा. मी खोटं बोलत नाही हे ते सांगतील.

आता दुसरं. पाळण्याचं ते पान फार जुनं आहे. माझ्या धाकट्या बहिणीने केलं होतं. दुकान ऑनलाइन टाकायचं खूळ तिचंच. मी ते पान काढून टाकायचं म्हणत होते, पण राहून गेलं. आजवर एकानेही पाळणा मागवला नाही. फोटोत आहे तो आमच्या घरचा, ज्यात ती स्वतः झोपायची.

आणि तुम्ही सूचनेच्या रकान्यात लिहिलंय, ‘डोक्याकडची बाजू दोन बोटं उंच ठेवावी.’

ही ओळ मी परत परत वाचली. असं कुणी मागत नाही हो. पाळणा सपाटच असतो. दोन बोटं उंच फक्त आमच्या अण्णांनी केला होता, तोही एकाच मुलीसाठी, कारण ती दूध प्यायली की भडाभडा ओकायची. फोटोत ते कळत नाही. तुम्हाला कसं सुचलं, सहज विचारते. नाही सांगितलंत तरी चालेल.

दोन गोष्टी मात्र जरूर कळवा. पाळणा कधीपर्यंत हवा, आणि कुणाला भेट द्यायचाय की घरीच वापरायचाय. म्हणजे गाठी कुठे मारायच्या ते ठरवता येईल.

(हे गाठींचं मी उगाच लिहिलं. गाठी सगळीकडे सारख्याच मारतात. पण कळवा.)

आपली,
वेताच्या दुकानाची मालकीण


१७ जानेवारी

आदरणीय दुकानदारबाई,

पत्र मिळालं. सगळ्या गिऱ्हाइकांना एवढी लांबलचक पत्रं लिहीत असाल तर टोपल्या विणता कधी?

भाडं मी नीट वाचून भरलंय. तुम्ही म्हणता तसं घरात एकजण कुरियरच्या धंद्यातला आहे. तो म्हणाला, हिशेब चोख आहे, पण पाळण्याचे पाय वेगळे काढून पाठवले तर खोकं लहान होईल. मी त्याला म्हटलं, त्या बाईला खोक्याबद्दल काही शिकवायला जाऊ नकोस.

दोन बोटांचं म्हणाल तर एका म्हाताऱ्या कारागिराकडून ऐकलं होतं. फार चांगला माणूस होता.

पाळणा घरीच वापरायचा आहे. मार्च संपायच्या आत हवा. डॉक्टरीणबाई म्हणतात सगळं छान आहे. मागच्या खेपेलाही असंच म्हणत होत्या, म्हणून या वेळी मी कुणालाच काही सांगितलं नाही. आधीपासून काही आणून ठेवायचं नाही असंही ठरवलं होतं. झबलीसुद्धा घेतली नाहीत. पण एक दिवस ते पान उघडलं. म्हटलं काढून टाकलं असेल, पण ते अजून होतं तसंच होतं. फोटोच्या कोपऱ्यात अण्णांच्या चपला दिसतात, ते तुमच्या लक्षात आलंय का?

मग दुसरीकडचा पाळणा नकोसा वाटला.

भाडं परवडत नाही. पण ऑर्डर रद्द करू नका.

आपली,
ग्राहक


२ फेब्रुवारी

टोपले,

पुरे झालं ते ग्राहकबाई आणि दुकानदारबाई. मला नाही जमत. पहिलं पत्र लिहिताना दर ओळीला जीभ चावत होते.

मागच्या खेपेला म्हणजे काय गं? मागची खेप कधी झाली? तू एकटीने ते सगळं काढलंस आणि मी इथे टोपल्यांचे फोटो काढत बसले होते? तुझं पत्र हातात घेऊन मी वेत भिजवायच्या हौदाच्या कठड्यावर बसले ती उठलेच नाही. वेत जास्त भिजून वाया गेला. रडले, चांगली हमसून रडले. समोरच्या शिंपीणबाई धावत आल्या, त्यांना वाटलं बोट कापलं. मी म्हटलं हो, कापलं. त्या पट्टी बांधायला बोट शोधत राहिल्या.

आपण कशावरून अबोला धरला ते आठवतं तुला? मोफत डिलिव्हरीवरून! बाहेर कुणाला सांगितलं तर लोक हसतील. तू म्हणालीस, भाडं किमतीत मिसळून टाकू आणि वर ठळक अक्षरांत ‘मोफत’ लिहू, सगळे तसंच करतात. मी म्हटलं, मग शेजारच्या गल्लीतून चालत येऊन टोपली नेणाऱ्या बाईने लांबच्या गावचं भाडं का भरायचं? तू म्हणालीस, ताई, तुला धंदा कळत नाही. मी म्हटलं, तुला लाज कळत नाही. आणि तो तुझा कुरियरचा काटेवाला, तेव्हा अजून नवरा झाला नव्हता, हातात मोजपट्टी घेऊन दारात उभा, आत यावं की पळावं हे न कळून.

माझंच बरोबर होतं, हे मी आजही म्हणते. त्यावर वाद घालू नकोस. पण आपल्या दोघींनाही ठाऊक होतं की भांडण त्याचं नव्हतंच. तू लांब जाणार होतीस. तुला वाटत होतं मी तुला अडवावं, मला वाटत होतं तू आपणहून थांबावंस. ते कुणीच बोललं नाही, आणि दोघी खोक्याच्या मापावर घसरलो. अण्णा गेले तेव्हा आलीस ती पाहुणीसारखी कोपऱ्यात बसलीस. मी तुला चहा विचारला, तू नको म्हणालीस. आपल्या घरात तुला चहा विचारावा लागला हे मला फार लागलं गं.

इथे फारसं काही बदललेलं नाही. हौद तोच, तसाच गळतो. दिव्यावर वेताची कुसळं जाळते तेव्हा तोच करपट वास सुटतो, जो लागला की तू नाक धरून पळायचीस आणि पुन्हा हुंगायला यायचीस. कपड्यांची ती मोठी टोपली अजून आहे. आई गेल्यावर तुला त्यातच निजवायचे मी, पाळण्यातून तू हातपाय बाहेर काढायला लागलीस तेव्हा. हाताने विणायचं आणि पायाच्या अंगठ्याने टोपली हलवायची. अण्णा म्हणायचे, “ही टोपली काही विकायची नाही हां, आत माल आहे.” तेव्हापासून तू टोपली. आणि अजूनही विणायला बसले की माझा अंगठा आपोआप हलतो. शिंपीणबाई विचारतात, पायाला काही झालंय का?

अण्णा माल पोचवायचे ते आठवतं? सायकलला पुढे-मागे टोपल्या, टोपलीत टोपली, तिच्यात आणखी एक. लांबून नुसता टोपल्यांचा डोंगर चालत येताना दिसायचा आणि खाली दोन पाय. कुणी भाडं विचारलं की म्हणायचे, “मला तिकडे यायचंच होतं.” कधीच कुठे जायचं नसायचं त्यांना.

आता पाळण्याचं सांगते. तो नवा नाही. तुझं लग्न झाल्यावर अण्णांनी एक पाळणा विणायला घेतला होता. मी फणकाऱ्याने म्हटलं, कुणासाठी? तर म्हणाले, “तुझ्याशी बोलत नसेल, माझ्याशी बोलते.” तळ झाला, पाय झाले, आणि मग त्यांच्याच्याने होईना. मी तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. इतकी वर्षं हात लावायची छाती झाली नव्हती. तुझी ऑर्डर आली त्या दिवशी स्टूल लावून खाली काढला. बघते तर काय, डोक्याकडचा तळ आधीच दोन बोटं उंच. तू न मागताच त्यांनी करून ठेवला होता.

बाजू आणि कड मी विणली. त्यांची वीण घट्ट, माझी जरा सैल. जोड कुठे आहे तो तुला दिसेल, दुसऱ्या कुणाला दिसायचा नाही.

झाल्यावर खोक्यात बसवून कुरियरच्या कचेरीत नेला. तिथल्या पोऱ्याने माप घेतलं, मग काट्यावर चढवला आणि म्हणाला, “ताई, वजन काहीच नाही. भाडं मापाचंच लागणार, तर आत अजून सामान भरा की, फुकट जाईल.” मला पटलं. हवेचे पैसे भरलेच आहेत तर हवा कशाला पाठवायची? खोकं घरी आणलं आणि भरत सुटले. तुझी गोधडी धुऊन घातली. शिंपीणबाईंनी मऊ कापडाची झबली शिवून दिली, ती घातली. तू ठरवलं असशील नाही घ्यायची, पण तू घेतलेली नाहीत ना, मी घेतलीत. अण्णांची सुरी घातली, मग काढली, पाळण्यात सुरी कशाला. त्यांच्या चपला मात्र घातल्या. पुन्हा नेऊन काट्यावर चढवलं. तो पोऱ्या म्हणाला, अजून पुष्कळ बसेल.

अजून काय घालू? घरात उरलं होतं तरी काय? मी त्या खोक्याकडे बघत राहिले आणि मला हसू आलं. म्हटलं, आता एक मीच उरले आहे.

तशीच उठून बसच्या कचेरीत गेले. तिकिटाचं विचारलं, टपावर एक मोठं खोकं टाकलं तर किती तेही विचारलं. दोन्ही मिळून तुझ्या कुरियरच्या निम्म्याहून कमी! मी एवढी धडधाकट बाई, दात-केसांसकट, आणि मी रिकाम्या खोक्यापेक्षा स्वस्त! तिथल्या तिथे हसत सुटले, खिडकीतल्या माणसाला वाटलं डोकं फिरलंय.

तेव्हा आता नीट ऐक. तुझ्या फोनवर निरोप येईल की विक्रेत्याने ऑर्डर रद्द केली. घाबरू नकोस. भाडं परत येईल, पाळण्याचे पैसेही परत येतील. घरातल्या पाळण्याचे पैसे घेतले तर अण्णा वरून कान पिळतील.

अकरा तारखेला संध्याकाळी पोचेन. तुझ्या काटेवाल्याला म्हणावं, बसथांब्यावर ये, आणि मोजपट्टी घरी ठेव, मला उचलायला हात हवे आहेत. त्याने सांगितल्याप्रमाणे पाय वेगळे काढले आहेत. हे त्याला सांगितलंस तर चढून बसेल, तरी सांग.

एक मनातलं लिहिते. मला भीती वाटते आहे. तू दारात उभी राहून ‘कशाला आलीस’ म्हणालीस तर मी काय करणार? म्हणून पत्र पोचून तुझं उत्तर यायच्या आत निघते आहे. म्हणालीस तर म्हणालीस. पाळणा दारात ठेवीन. पण मागची खेप तू एकटीने काढलीस, ही नाही काढायचीस.

खिडकीतला माणूस म्हणत होता, जाऊन-येऊन काढलंत तर सवलत आहे. मी जायचंच काढलं.

कुणी विचारलंच तर सांगेन, मला तिकडे यायचंच होतं.

दार उघडलंस की आधी पाळणा आत घे. चहा मात्र मला विचारू नकोस, सरळ टाक.

तुझी,
ताई