एक पेपर सोड

सर, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी इथे जर्मनीत, वाल्डॉर्फला ऑफिसात होतो, आणि यायला जमणार नाही असं कळवून टाकलं. आज लिहायला बसलोय ते मात्र त्याबद्दल नाही.

परीक्षेच्या आधीची ती दुपार आठवते. जिमखान्याच्या खोलीत तुम्ही बशीत चहा ओतताय, मागे चषकांचं कपाट, दार लागू नये इतकं भरलेलं. बेसबॉलची ट्रॉफी तुमच्या काळात आपल्या कॉलेजबाहेर क्वचितच गेली. मी तुमचा कॅचर, शेवटच्या वर्षाला. "एक पेपर सोड," तुम्ही म्हणालात, पंखा बंद कर म्हणावं तसं. "नापास झालास की अजून एक वर्ष खेळशील. पुढचं मी बघतो." आपल्या डावखुऱ्या पिचरलाही तुम्ही हेच सांगितलं होतं. मी "हो सर" म्हणालो आणि पेपर पूर्ण लिहिला, पुरवण्या जोडून. तुम्ही विचारलंत तेव्हा "सोडला" म्हणून सांगितलं. निकाल लागला, फर्स्ट क्लास. सगळ्या टीमसमोर तुम्ही म्हणालात, "अरे लबाडा, आधी सांगायचंस तरी! दुसरा कॅचर तयार केला असता." सगळे हसले, तुम्हीही. पण तुमचा आवाज कोरडा होता. माझे कान तेव्हाही तिखटच. पिचरने मात्र खरंच पेपर सोडला, ट्रॉफी आणली, आणि तो पेपर पुन्हा कधी दिलाच नाही. तुम्ही शब्द पाळलात, त्याला जिमखान्यात शिपाई म्हणून लावलंत. मैदानावर चुन्याच्या रेषा तोच मारायचा.

माझं छान चाललंय. दिवसा सॉफ्टवेअर, संध्याकाळी इथल्या विद्यापीठाची टीम. पोरं मला ट्रेनर म्हणतात, माझ्या जर्मनला हसतात, मी त्यांच्या बॅटिंगला. आम्ही जिंकतोही. यंदाचा पिचर अमरावतीचा. मैदानावर मी त्याचा ट्रेनर, घरी जेवायला आला की काका. मेमध्ये त्याचा मास्टर्सचा प्रबंध तयार होता, श्टुटगार्टजवळ जूनपासून नोकरी पक्की. पण प्रबंध दिला की विद्यापीठातून नाव कमी, म्हणजे टीममधूनही, आणि फायनल जुलैत. मी फोन केला. "दोन महिने मुदत वाढवून घे रे. कंपनी थांबते. नाही थांबली तर मी बघतो ना."

पलीकडे तो गप्प. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाला, "हो काका."

त्या गप्प बसण्यात काय होतं ते मला स्वच्छ ऐकू आलं होतं, सर. तरी मी म्हणालो, "गेनाऊ, अगदी बरोबर! मग गुरुवारी प्रॅक्टिसला ये." मनाची समजूत घातली की हाही माझ्यासारखा नुसता हो म्हणेल आणि प्रबंध देऊन मोकळा होईल. पण पोरगं सरळ. त्याने खरंच मुदत मागितली. कंपनी थांबली नाही. फायनल त्याने एकट्याने ओढली, आणि मला खांद्यावर घेणाऱ्यांत तोच पुढे होता.

त्याचा बायोडेटा मी ओळखीच्या प्रत्येकाला पाठवलाय. "सध्या भरती बंद आहे," एवढंच ऐकतो. बायको विचारते, "अहो, त्याच्या आईचा फोन आला तर काय सांगायचं?" काल तो जेवायला आला होता. पोळीचा घास मोडता मोडता म्हणाला, "काका, आणखी एका कोर्सला नाव घातलंय. नोकरी मिळेपर्यंत विद्यार्थीच राहतो." बायकोचा वाढणारा हात थांबला. मी म्हणालो, "बरं केलंस."

हे पत्र टाकणार कुठे? पण एक सांगतो. तो बोलत होता तेव्हा मला आधी वाईट वाटलं नाही, सर. मी मनात पुढच्या वर्षीची टीम लावली, आणि पिचरच्या जागी त्याचं नाव टाकल्यावर बरं वाटलं.