माझ्या नावापुढील अंगठा आणि बांधावरील मिरजोळी

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी,
खाडीबांध देखभाल उपविभाग,
पेण, जि. रायगड.

अर्जदार : चंद्रावती कान्हू मोकल, मु. खारवेळे, ता. पेण.

विषय : मौजे खारवेळे येथील बांधावरील झुडूप लागवडीच्या पंचनाम्यातून माझे नाव व त्यापुढील अंगठा रद्द करणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाने गेल्या नोव्हेंबरमध्ये केलेला स्थळ पंचनामा.

महोदय,

१. मी वरील गावची कायम रहिवासी असून भातशेती करते. संदर्भीय पंचनाम्यात माझे नाव पंच म्हणून घातले असून त्यापुढे अंगठा उठवलेला आहे. मी दहावी उत्तीर्ण आहे व सही करते. तो अंगठा माझा नाही. कोणाचा आहे हे मला माहीत नाही, आणि माहीत करून घेण्याची इच्छाही उरलेली नाही. तरी प्रकरण अंगठ्यापर्यंत कसे आले ते आपणांस कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

२. आमची शेती आणि खाडी यांच्या मध्ये फक्त एक मातीचा बांध आहे. त्याच्या खाडीकडील अंगावर मिरजोळीची झुडपे होती. ती कोणी लावलेली नव्हती. पायाशी भरतीचे खारे पाणी आणि डोक्यावर मे महिन्याचे ऊन, तरी बारमाही हिरवी. पान जाड, चावले तर मोहरीसारखे झणझणते. फारच ताण पडला तर मिरजोळी जुनी पाने टाकते, राखाडी होते आणि आतून जिवंत राहते. गावात तिचे कोणी कौतुक केले नाही. ती होती, एवढेच.

३. गेल्या वर्षी मार्चमध्ये वरिष्ठांची पाहणी ठरली म्हणून आपले कनिष्ठ अभियंता बांधावर आले. त्या वर्षी उन्हाळा लवकर तापला होता व झुडपे राखाडी पडली होती. साहेबांनी ती ‘वाळलेली, निरुपयोगी’ अशी लिहून घेतली. माझ्या सासूबाई बायजाबाई तिथेच चिंबोऱ्या धरत होत्या. त्या म्हणाल्या, “मेली नाय ती साहेब. दम धरून हाय.” त्यावर साहेब म्हणाले, “आजी, मेली नसेल. पण फोटोत हिरवी दिसत नाही ना.” दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. बांधाच्या मधल्या भागातील झुडपे मुळांसकट निघाली. उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेच्या, बाजूला उतार जास्त, तिथे नुसता वरचा भाग तुटला. सगळा ढीग बांधाच्या पायथ्याशी जाळला. ओली झुडपे जळताना जो धूर झाला, त्यावरून ती मेलेली नव्हती हे कोणालाही कळले असते. पण साहेब तोवर गाडीत बसून काचा वर करून गेले होते.

४. त्या जागी शोभेची झुडपे लावण्यात आली. डुरांटा, एक्झोरा, अशी नावे ठेकेदाराच्या माणसाने सांगितली. बंगल्याच्या फाटकापाशी ती छान दिसत असतील. खाऱ्या चिखलात त्यांची पाने कडेने करपत गेली व पाहणीच्या आधीच काटक्या उरल्या. पाहणीच्या सकाळी ठेकेदाराने टेम्पो भरून ताजी झुडपे आणली आणि काळ्या पिशव्यांसकट चिखलात खोचली. फोटो झाले, नारळ फुटला, भाषण झाले. संध्याकाळी टेम्पो परत आला व झुडपे उपटून घेऊन गेला. आम्ही बाया हे ओट्यावरून पाहत होतो. कोणी हसलेही नाही.

५. श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाला वारा होता. जिथून मिरजोळी मुळांसकट काढली होती तिथेच बांधाला खांड पडली. उघाडीच्या बाजूचा बांध झिजला, पण उभा राहिला. खारे पाणी लावणी झालेल्या भातात शिरले आणि तिथून गावच्या तळ्यात. भात गेले ते गेले, परंतु आमचे पिण्याचे पाणी त्या तळ्याचे होते. माझी सून किमया तेव्हा ओली बाळंतीण होती. टँकर कधी यायचा, कधी नाही. मुलगा साहिल नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातो, तो तिकडून पाण्याचे डबे आणी. शेवटी सुनेचे वडील आले आणि तिला व बाळाला रोह्याला घेऊन गेले. पाण्याचा तांब्या पुढे केला तो त्यांनी न पिता खाली ठेवला, हे मला अजून दिसते.

६. गावाने चिखलाची पोती टाकून खांड कशीबशी बुजवली. पक्क्या दुरुस्तीसाठी आम्ही आपल्या कार्यालयात आलो तेव्हा सांगण्यात आले की, त्या बांधावर आधीचे लागवडीचे काम दाखवलेले आहे. झुडपे जिवंत असल्याचा पंचनामा झाल्याशिवाय नवे काम मंजूर होत नाही. मी विचारले, “झुडपं मेली, बांध फुटला, तरी?” संबंधित कर्मचारी म्हणाले, “बाई, बांध फुटला म्हणूनच सांगतोय. सही द्या आणि मोकळ्या व्हा.” गावानेही तेच सांगितले. शेजारची जनी म्हणाली, “सही करून टाक गो चंद्रे. झाडा मेली काय नि जगली काय, आपल्याला गोडा पाणी पायजे.” तिचे चुकले असे मी म्हणत नाही. मी सही करायचे ठरवले होते, हेही लपवत नाही.

७. पंचनाम्याच्या दिवशी मी, माझे पती कान्हू व इतर तिघे बांधावर हजर होतो. मधल्या भागात वाळक्या काटक्या होत्या, तेच कनिष्ठ अभियंता साहेब तिथे थांबले नाहीत. ते उघाडीच्या बाजूला गेले. तिथे तुटलेल्या मिरजोळीच्या बुंध्यांना पावसानंतर धुमारे फुटले होते. हिरवे, जाड पानांचे, गुडघ्याएवढे. साहेब त्यांच्याशेजारी उभे राहिले, मोबाईलवर फोटो काढून घेतले आणि लेखनिकाला म्हणाले, “लिहा. लागवड जिवंत, वाढ समाधानकारक.”

महोदय, ज्यांनी ती तोडली, ज्यांनी ती जाळली, त्यांनीच तिच्या पानावर हात ठेवून तिला आपली म्हटले. मी बांधाच्या कडेला बसून राहिले. सही केली नाही. बाकीच्यांनी केली. माझ्या पतीनेही केली. नातू अजून रोह्यालाच आहे व त्याला घरी आणायचे तर तळे गोडे झाले पाहिजे. मी त्यांना दोष देत नाही. तहानलेल्या माणसापुढे कागद धरणाऱ्यांना देते.

८. पंचनाम्याची प्रत ग्रामपंचायतीत आली तेव्हा माझ्या नावापुढे अंगठा व ‘निरक्षर’ असा शेरा आढळला.

९. जानेवारीत बांधाचे काम सुरू झाले, त्याबद्दल आभारी आहे. परंतु पहिल्याच सकाळी जेसीबी उघाडीकडे वळला. चालक आदर्श हा कासू गावचा, ओळखीतला मुलगा. तो म्हणाला, “काकी, बाजूला व्हा. आधी झाडी साफ करायला सांगितलीय.” म्हणजे तेच धुमारे. मी पुढे उभी राहिले आणि म्हणाले, “ही सरकारी लागवड हाय. पंचनाम्यात जिवंत लिहिलीय. उपटलीस तर तुझ्यावर केस होईल.” त्याने साहेबांना फोन लावला. माझे शब्द जसेच्या तसे सांगितले. मग त्याने जेसीबी मागे घेतला.

झुडपे वाचली, पण ज्या खोट्यावर सही करायला मी नकार दिला होता तेच खोटे मी माझ्या तोंडाने, खणखणीत आवाजात बोलले, आणि ते उपयोगी पडले. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. आपल्या कार्यालयाची किळस होतीच, ती आता माझ्या घरात आली आहे.

१०. सबब विनंती की, पंचनाम्यातून माझे नाव, अंगठा व ‘निरक्षर’ हा शेरा काढावा. उघाडीकडील झुडपे ही मिरजोळीची आहेत, आपल्या कार्यालयाने ती लावलेली नाहीत, तोडलेली आहेत, अशी दुरुस्ती करावी. आणि तशी दुरुस्ती झाली तरी ती पुन्हा तोडू नयेत, असा लेखी आदेश द्यावा. या अर्जामुळे बांधाचे काम थांबेल असे गावाचे म्हणणे आहे. काल रात्री माझे पती मला एवढेच म्हणाले, “पाठवायचाच असेल तर पाठव. मी आडवा येत नाय.” ते काम थांबवायचे असल्यास आपण थांबवू शकता, मला अडवता येणार नाही. परंतु खरे सांगितले म्हणून पाणी मिळाले नाही, हे माझ्या नातवाला मोठेपणी मलाच सांगावे लागेल, आणि तेव्हा मी आपल्या कार्यालयाचे नाव घेईन.

स्वतःच्या हाताने सही करणारी,

(सही)
चंद्रावती कान्हू मोकल
खारवेळे, दि. ६ फेब्रुवारी २०२६

सोबत : दहावीच्या गुणपत्रिकेची छायाप्रत.