लेस्टरचा आवाज कोणाच्या नावावर

मी, मर्ल ऑस्ट्रँडर, वय चौऱ्याहत्तर, पूर्वी कार्टूनच्या कंपनीत नोकरी, आता धंदा काही नाही, राहणार बरबँक, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, कुणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डावा गुडघा नाही, पण कायद्याला गुडघ्याशी काही देणंघेणं नसतं. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी माझा पुतण्या ड्वेन याला बरंच काही दिलं होतं. ते रद्द समजावं. का, ते पुढं येईल.

कलम १. राहतं घर आणि बँकेत जे काही निघेल ते माझी एकुलती मुलगी कोरिन हिला द्यावं. परसातलं लिंबाचं झाड आमच्या बाजूला आहे, पण फळं कुंपणापलीकडं हस्मिक गलस्त्यानच्या अंगणात पडतात. सव्वीस वर्षं ती त्यांचा मुरंबा करते आणि एक बरणी मला अशी देते, जशी काही झाडाला पाणी तीच घालते. हस्मिक या कागदावर साक्षीदार आहे, म्हणून तिला मी कायद्यानं काही देऊ शकत नाही. लिंबं मी देत नाही. ती पडतात. कोरिननं त्यावरून भांडू नये.

कलम २. माझी कामाची हत्यारं, म्हणजे जुना हेडफोन, पट्ट्या, कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा आणि टेबलावरचा छोटा आरसा, हुआनिता बेल्त्रान हिला द्यावीत. ती माझ्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसली आणि तिनं मला एकदाही ते वाक्य म्हणायला लावलं नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनंच करावी. ती कुरकुर करील, करू द्यावी.

कलम ३. ते वाक्य कुठलं, हे न्यायाधीशांना माहीत असेलच, तरी रीतसर लिहितो.

तीस वर्षं मी ‘द ब्रिस्कोज’ या कार्टून मालिकेत ओठांचं काम केलं. नटांचे संवाद कानाला लावून ऐकायचे, आरशात स्वतःच्या तोंडाकडं बघत तेच पुटपुटायचं, आणि कुठल्या चित्रात तोंड किती उघडं हे तक्त्यावर लिहायचं. एका सेकंदाला चोवीस चित्रं. निवांत काम होतं. मला फार आवडायचं.

एका वर्षी त्यांनी चार दिवसांच्या प्रसिद्धीची टर उडवणारा भाग लिहिला. टीव्ही स्टुडिओतला झाडूवाला लेस्टर हातात पातेलं घेऊन चुकून चालू कार्यक्रमात शिरतो आणि विचारतो, “झाकण कुठाय?” सगळा देश त्यावर वेडा होतो. टोप्या निघतात, गाणं निघतं, गव्हर्नर त्याला जेवायला बोलावतो. आठवड्याभरात लोकांना दुसरं काहीतरी सापडतं. शेवटी लेस्टर आपल्या स्वयंपाकघरात झाकण हातात घेऊन उभा राहतो आणि सांगायला कुणी नसतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी नट आला नाही. लेखक किप लिंडक्विस्ट माझ्या टेबलाशी आला.

“मर्ल, जरा कच्चा आवाज दे ना. चित्रकारांना अंदाज यावा म्हणून. नंतर पुसून टाकू.”

“कसा म्हणू?”

“तू बोलतोस तसाच.”

मी बोलतो तसाच बोललो. त्यांनी पुसला नाही.

तो भाग लागला आणि देशानं अगदी त्यातल्यासारखंच केलं. ज्यांची थट्टा केली होती तेच लोक ती थट्टा टोपीवर छापून फिरू लागले, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. अकरा महिने चाललं. मग लोकांना खरंच दुसरं काहीतरी सापडलं. किप पुढच्या मालिकेवर गेला, लेस्टर सुटला, मी अडकलो. कारण मी सोंग काढलंच नव्हतं. नट घरी जाऊन आपल्या आवाजात जेवायला मागतो. मी जेवायला मागितलं तरी लेस्टरच मागतो. बँकेत फोन केला की पलीकडची मुलगी हसून फोन ठेवते. घसा बसवून बोलून पाहिलं, हळू बोलून पाहिलं. शेवटी बोलणंच कमी केलं, तर लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याला गर्व झालाय.

माझी बायको थेल्मा शेवटच्या आजारात दवाखान्यात होती तेव्हा दोन नर्सा आणि एक डॉक्टर दाराशी घोटाळत होते. मला कळलं कशासाठी. थेल्मा म्हणाली, “म्हण रे. त्यांचा दिवस तरी बरा जाईल.” मी म्हटलं. सगळे हसले, तीही हसली. मला त्या दिवशी तिच्याशी दुसरंच काही बोलायचं होतं, आणि ते राहून गेलं. किप लिंडक्विस्टला या मिळकतीतून काहीही मिळू नये. त्यानं मागितलेलं नाही, तरी लिहून ठेवतो.

कलम ४. कोरिनच्या लग्नात मला दोन शब्द बोलायचे होते. आठवडाभर खपून पानभर मजकूर लिहिला होता. उभा राहिलो तर मंडळी पेल्यांवर चमचे वाजवायला लागली, “झाकण, झाकण.” सगळ्यात पुढं ड्वेन. मी ते वाक्य म्हटलं आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या. कोरिन उठून बाहेर गेली. तिच्या मागं जायचं सोडून मी टाळ्या संपायची वाट बघत बसलो, हा गुन्हा माझा. तो कागद मी गाडीत फाडला. त्यानंतर नऊ वर्षं ती माझ्याशी बोलली नाही.

गेल्या वसंतात कंपनीचं पत्र आलं. मालिका पुन्हा काढतायत आणि माझा आवाज यंत्राला शिकवायचाय. मग लेस्टर वाटेल ते बोलेल, लोकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देईल, मी असो वा नसो. मी नको म्हटलं. तीनदा म्हटलं. ड्वेन घरी येऊन म्हणाला, “काका, तुम्ही काय तो आवाज बरोबर नेणार आहात का?” जुन्या रेकॉर्डिंगवरून कंपनीनं एक नमुना बनवला होता, तो त्यानं मागून घेतला, त्याच्याकडून हवं ते बोलवून घेतलं आणि मला न विचारता कोरिनला तिच्या वाढदिवसाला पाठवला.

तिचा फोन आला. नऊ वर्षांनी.

“बाबा, तू मला काही पाठवलंस?”

“नाही गं. काय आलंय?”

तिनं फोनजवळ धरून ते वाजवलं. माझाच आवाज म्हणाला, “कोरिन, पोरी, मला तुझा फार अभिमान वाटतो.”

चोवीस चित्रांचा हिशोब करणाऱ्या माझ्या कानालाही त्यात खोट सापडली नाही.

“हे तू बोललास?” तिनं विचारलं.

मी हो म्हणू शकलो असतो. देवाशपथ, तोंडावर आलं होतं. पण त्या यंत्राचं बोलणं माझं म्हणून खपवणं मला जमलं नाही. मी म्हटलं, “नाही.”

तिनं फोन ठेवला. ड्वेनला माझी मासेमारीची टोपी द्यावी, बाकी काही नाही.

कलम ५. या राज्याच्या कायद्यानं माणसाचा आवाज तो मेल्यावरही सत्तर वर्षं वारसांची मालमत्ता असतो. ती मालमत्ता मी पूर्णपणे कोरिनला देतो. तिनं तो विकावा की कायमचा बंद करावा, हे तिनं ठरवावं. माझी इच्छा विचाराल तर बंद करावा. मला सुटायचंय. जिवंतपणी जमलं नाही.

तसंच याच कलमात जाहीर करतो की, माझी मुलगी कोरिन, जी फ्रेझ्नोजवळ शेतांवरचे पाण्याचे पंप उन्हातान्हात दुरुस्त करते आणि कुणापुढं मान तुकवत नाही, तिचा मला अभिमान वाटतो. हे वाक्य माझं आहे. मला शिकवलेलं नाही आणि माझ्याकडून वदवून घेतलेलं नाही. ते फोनवर म्हणायला हवं होतं. “नाही” म्हटल्यावर पुढं एवढंच बोलायचं होतं, पण माझी जीभ उचलली नाही.

कलम ६. अंत्यविधीला कुणी ते वाक्य म्हटल्यास हुआनितानं त्याला बाहेर काढावं. तिला ते आवडेल.

सहीपूर्वी घातलेली भर. कलम पाचची नक्कल मी कोरिनला टपालानं पाठवली होती. उत्तर आलं नाही. आज दुपारी साक्षीदार स्वयंपाकघरात जमले असताना ती दारात उभी राहिली. जेवलीस का विचारलं, तर मान हलवून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली.

लेस्टर कधी ऐकला नसेल असेच साक्षीदार मी पारखून घेतले होते. हस्मिक घरी फक्त आर्मेनियन वाहिनी लावते, आणि तिचा जावई वार्तान दिवसभर ट्रकवर असतो. मी कागद मोठ्यानं वाचायला घेतला. पाचव्या कलमातल्या “मला अभिमान वाटतो” पाशी हस्मिकनं तोंडाला पदर लावावा तसा हातरुमाल लावला. वार्तान खाली बघत होता, त्याचे खांदे हलत होते.

“काय झालं?” मी विचारलं.

“माफ कर रे, मर्ल,” हस्मिक म्हणाली. “नातवंडं दिवसभर फोनवर तुझा लेस्टरच लावतात. तू इतक्या गंभीरपणे वाचतोस ना, मला आवरलंच नाही. सव्वीस वर्षं मी हसू दाबून बसते, तुला काय ठाऊक.”

मला कागद फाडावासा वाटला. मी कोरिनकडं पाहिलं. ती हसत नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली, “तेवढंच परत वाच. त्यांच्याकडं बघू नकोस, माझ्याकडं बघ.”

मी परत वाचलं.

सही: मर्ल ऑस्ट्रँडर

वरील सही आम्हा दोघांसमोर, आम्ही एकत्र हजर असताना झाली. मर्ल पूर्ण शुद्धीवर होता. आमच्या हसण्याचा अर्थ कुणी वेगळा लावू नये. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा आम्ही हसलो नाही.

साक्षीदार: १. हस्मिक गलस्त्यान २. वार्तान मेलिक्यान

ठिकाण: बरबँक, कॅलिफोर्निया
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५