मंदील घातलेला राजा

प्रिय गोरख,

खुशाली विचारत नाही. काल मोबाईलवर तुला पाहिलं आणि शी! किळस आली रे, अंगावर पाल पडल्यासारखी.

तुमच्या गावच्या, पालीच्या जत्रेतल्या नाटकात तू राजा व्हायचास. भोरहून आमच्या भाड्याच्या पोशाखांच्या दुकानातली ट्रंक एसटीवर चढवून आम्ही यायचो, आणि माझे दादा स्वतःच्या हातानं तुझ्या डोक्यावर मंदील बसवायचे. एकदा तो चढला की नाटक संपेपर्यंत राजानं कुणापुढं वाकायचं नाही, हा तुमच्या गावचा रिवाज. ठकुबाई, तुझी सख्खी आई, ओवाळायला यायची तरी तू ताठ. उद्या पाया पडीन गं, आज मी राजा हाय, असं म्हणायचास आणि ती माउली खुदकन हसायची.

मग निवडणूक झाली आणि जत्रेची कमिटी निवडून आलेल्या नव्या साहेबांच्या माणसांनी बळकावली. नाटक बंद, डीजे सुरू. तुमची तोंडं रंगवणारा कोंडिबा आता विंझरला चहा विकतो. माझ्याकडं नाटकवाला वर्षभरात एक फिरकला नाही. येतात ते सभेवाले. पन्नास फेटे, वीस मावळे, एक राजा, कोथिंबिरीची जुडी मागावी तसं मागतात! साहेबांनी पक्ष बदलला तेव्हा फेट्यांचा रंग तेवढा बदलला. मावळे तेच.

काल सभेत तू साहेबांना हार घातलास आणि मंदिलासकट त्यांच्या पायावर डोकं ठेवलंस. लोकांनी शिट्ट्या मारल्या. साहेब नुसते हसले, तुला उठवलंसुद्धा नाही. मी मोबाईल पालथा टाकला.

दिवसभर तुला शिव्या घातल्या. मेल्यानं लाज विकून खाल्ली, म्हटलं. पण गोरख, तुझं नाव त्यांना मीच दिलं होतं. पाया पडणारा राजा पाहिजे, असं त्यांचा माणूस दुकानात उभा राहून स्वच्छ बोलला होता. ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून मी सांगितलं, गोरखला म्हणा सरोजनं पाठवलंय, तो नाही म्हणायचा नाही. तू साहेबांपुढं नाही वाकलास रे, माझ्या शब्दाखातर वाकलास. आता शिव्या द्यायच्या तर मला दे.

म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझीच,
सरोज