पुडीचं झाड

आई,

गिरीज गावातल्या आपल्या वाडीत विहिरीमागे, नारळांच्या सावलीत ते झुडूप होतं. एकावर एक मिटलेल्या पानांची रांग, आणि प्रत्येक पानाच्या घडीत वाटाण्याच्या फुलासारखं एवढंसं पांढरं फूल. मी ते पहिल्यांदा परडीत घालून आणलं, आणि तू चुलीपासूनच ओरडलीस, "देवाला पाला वाहतेस? देव काय बकरी आहे?" मी एक घडी उघडून दाखवली. तू हात पुसत आलीस, बराच वेळ बघत राहिलीस आणि हसलीस. "बघ गो, आपण बाजारासाठी केळीच्या पानात फुलं बांधत बसतो, ह्याने जन्मतःच पुडी बांधून ठेवलीय." तेव्हापासून आपल्या घरात ते पुडीचं झाड.

तू गेलीस, पाठोपाठ वाडीही गेली. मी आता एव्हरशाईन सिटीत तळमजल्यावर राहते. मागच्या खिडकीखाली हातभर माती आहे, पण ऊन म्हणून येत नाही. तुळस तग धरेना, जास्वंदीला कळी येईना. तुझं झाड मात्र इथे जगेल असं मनाने घेतलं. पण मागायचं कसं? नर्सरीवाल्याला म्हटलं, "पुडीचं झाड आहे का?" त्याने मेथीच्या बियांची पुडी पुढे केली. "घ्या मावशी. झाड तेवढं तुम्ही उगवा." घरी येऊन ह्यांना सांगितलं, दोघंही हसलो. मग भांडी घासताना मला रडू आलं. तो शब्द समजणारं माझ्याशिवाय कुणी उरलंच नव्हतं.

पुढे वटारला हळदीकुंकवाला गेले, तर कुंपणाच्या कडेला तेच झुडूप. घरच्या आजींना विचारलं. "ती होय? कानफुटी. न्या की, रानटीच ती." केवढं रागीट नाव. सुकलेल्या घड्यांतलं बी पदराच्या गाठीत बांधून आणलं आणि खिडकीखाली पेरलं. तांदूळ धुतलेलं पाणी रोज तिलाच. लेक विचारते, "हे काय लावलंयस?" खरं नाव ठाऊक असूनही मी पुडीचं झाडच म्हणते.

या थंडीत ते फुललं. पहिलं फूल देवाचं, ही तुझी शिस्त, मी कधी मोडली नव्हती. काल पहिली घडी खुडली, देवघरापर्यंत नेली, आणि तुझ्या फोटोपुढे ठेवली. देव काही बोलणार नाही हे माहीत होतं. तू रागावशील असं वाटलं, म्हणून बराच वेळ तिथेच उभी राहिले.