वाक्यांची टोकं

प्रिय मुंगे,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच कपाटावर टाकशील, म्हणून पत्ता टाइप करून चिकटवलाय. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, एवढी लबाडी मला येते. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. यात सांत्वन नाही. ते मला कधी जमलंच नाही. तुझ्या गळ्यातली गाठ काढली त्या दिवशीसुद्धा मी तुझ्या उशाशी बसून तिथल्या चहाला नावं ठेवत होते. या पत्रात फक्त पुरावे आहेत. पुराव्याशिवाय तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा अशी माझी सध्या लायकीही नाही.

आधी थोडं रागावून घेते, म्हणजे हात मोकळा होईल. आपली बोलकी लायब्ररी! दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या, भिंतींना खिळे ठोकून लावलेल्या रजया, आणि दृष्टी नसलेल्या एकशे चाळीस श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचणाऱ्या आपण सात निवृत्त बायका. सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. मग ध्वनिमुद्रणाचं बघणारी बाई दुसरीकडे नोकरीला गेली आणि आपल्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आता कॉम्प्युटर कोण बघणार? सहाजणी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मी सत्तरीला टेकलेली बाई ते एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकले. शिकले म्हणजे काय, त्याच्याशी भांडले. त्याची ती बारकी अक्षरं, एकासारखी एक दिसणारी बटणं, आणि काहीही विचारलं की “तुम्हाला खात्री आहे का?” मला खात्री नसती तर मी बटण दाबलं असतं का? पण तीन महिन्यांत मी त्याला वठणीवर आणलं. निदान माझी तशी समजूत होती. मुळात तिथेच माती खाल्ली.

पहिला फोन वकीलसाहेबांचा आला. डोळे जाऊन अकरा वर्षं झाली, पण कान असे की पंख्याचा आवाज ऐकून कुठल्या खोलीत वाचलंय ते सांगतील. तू ती बोटीवरच्या डॉक्टरची कादंबरी वाचत होतीस, त्याचं चौथं प्रकरण त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, “अहो बाई, तुमच्या मैत्रिणीचं वाक्य दारापर्यंत येतं आणि आत येतच नाही. चप्पल काढता काढता परत फिरतं.” मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, पानापानावर दोनचार ठिकाणी शेवटचा शब्द अर्धाच ऐकू येतो, कधी मुळीच नाही.

मग मी शोधायला बसले. तुला माहीत आहे, चूक आहे म्हटलं की मला अन्न गोड लागत नाही. आपण वाचतो ते कॉम्प्युटरमध्ये मूळ स्वरूपात साठतं आणि तिथून श्रोत्यांसाठी लहान फाइल बाहेर काढावी लागते, एक्स्पोर्ट करावी लागते. या बाहेर काढण्यातच काहीतरी सांडत असणार, हे मला पटलं. म्हणून एमपीथ्रीऐवजी दुसऱ्या प्रकारची फाइल काढून बघितली. तेच. डिस्क भरली असेल म्हणून जुन्या फाइली काढून टाकल्या. तेच. पेनड्राइव्ह बदलला, सॉफ्टवेअर काढून माझ्याच सेटिंग्जसकट पुन्हा टाकलं, त्याच सेटिंग्ज नेऊन घरच्या कॉम्प्युटरवर करून बघितलं. तेच. वहीत तक्ता आखला, कुठल्या बाईच्या वाचनातून किती शब्द जातात. माझ्या वाचनातला एकही नाही. बाकीच्या पाचजणींचा एखाददुसरा. तुझे एका प्रकरणात एकतीस.

मुंगे, इथे कोणीही शहाणी बाई थांबली असती आणि विचार केला असता. मी थांबले नाही. मुद्रितं तपासणाऱ्याला एक वाईट खोड लागते: चूक सापडली की ती लिहिणाऱ्याचीच असते. माझा तक्ता स्वच्छ होता. सगळ्यांसाठी यंत्र एक, बटणं तीच, एवढे शब्द फक्त तुझे जातात. म्हणजे यंत्र बरोबर आणि तू चूक.

आणि मी ते तुला एकटीला गाठून सांगितलं नाही. गुरुवारच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, वही उघडून सांगितलं. माझे शब्द तुला आठवत असतील, तरी लिहिते, कारण ते माझ्याच हाताने एकदा लिहायला हवेत. मी म्हणाले, “हिचा आवाज आता वाचनाचा राहिला नाही. वाक्य पुरं करायला हिला दम नाही, आणि आपण श्रोत्यांना अर्धं पुस्तक देऊ शकत नाही.” ऑपरेशनला तेव्हा पाच महिने झाले होते. तू चष्मा काढलास, घडी करून डबीत ठेवलास, पुस्तकात खूण घातलीस आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलंस. म्हणालीस, “बरं.” एवढंच. जिना उतरताना तुझ्या पायांचा आवाजही आला नाही. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, बिचारी, पण कोणीतरी बोलायलाच हवं होतं. आणि मी, मला कडू काम करावं लागलं असा चेहरा करून, चहा प्यायले.

शाळेत आपल्याला मोठ्याने वाचायला शिकवणारी ती उंच सिस्टर आठवते? एकेकीला व्हरांड्यात उभी करायची आणि स्वतः पटांगणाच्या टोकाला, फाटकाशी जाऊन उभी राहायची. ऐकू आलं तर हात वर. मी पहिलं वाक्य उच्चारायच्या आत तिचा हात वर, आणि त्या दिवसापासून मी भोंगा झाले. तुझ्या वेळी मात्र ती हात न करता एकेक पाऊल पुढे येत राहायची, आणि ऐकू आलं की तिथेच थांबून अख्खा उतारा ऐकायची. आपण तेव्हा समजायचो की ही तुझी फजिती चाललीय. आता वाटतं, ती बाई तुझा आवाज मोजत नव्हती, स्वतः किती जवळ जायला हवं ते मोजत होती.

आता मुख्य पुरावा. तुझी कादंबरी नवव्या प्रकरणापाशी थांबली होती. मी ठरवलं, ती सगळी पहिल्यापासून माझ्या आवाजात वाचून टाकू. कपाळ माझं! तू कुठे किती थांबतेस ते बघावं म्हणून मी मूळ ध्वनिमुद्रण उघडलं. बाहेर काढलेली फाइल नव्हे, मूळ. तोवर ते मी एकदाही ऐकलं नव्हतं. एवढी शोधाशोध केली, पण बाहेर आलेलंच पुन्हा पुन्हा ऐकत बसले. हेडफोन लावला आणि तू चौथं प्रकरण वाचायला लागलीस. पहिलं वाक्य पूर्ण. दुसरं पूर्ण. मी पुस्तक समोर धरून पेन्सिलीने टिंबं करत गेले. एकतीसच्या एकतीस ठिकाणी शब्द जागच्या जागी होते. हळू होते, हे खोटं सांगणार नाही. वाक्याच्या शेवटी तुझा आवाज उतरतो, पायरीवरून पाय खाली टेकावा तसा. पण टेकतो. प्रत्येक वेळी टेकतो.

मग ते जात कुठे होते? हे सांगायला मी तीन पानं घेतली, कारण उत्तर मला लाजेचं आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल बाहेर काढताना आपोआप करायच्या कामांची एक यादी असते. त्यात एक काम आहे: शांतता छाटा. बोलण्यात मोकळी जागा सापडली की ते ती कापून लहान करतं. ते काम त्या यादीत कोणी घातलं? आधीच्या बाईने नाही. मी घातलं. तुझ्यासाठी घातलं. ऑपरेशननंतर तू प्रत्येक वाक्यानंतर थांबून श्वास घ्यायचीस आणि मला एडिट करताना तो थांबा सहन व्हायचा नाही. माझी बोटं टेबलावर वाजायला लागायची. तुला विचारलं नाही, सांगितलंही नाही. म्हटलं, हिचे श्वास गुपचूप काढून टाकू, पुस्तक चटपटीत होईल.

आणि ते नीट छाटेना, कारण खालच्या दवाखान्याच्या एसीची घरघर आपल्या खोलीत येते, यंत्राला ती शांतता वाटेना. तेव्हा मी किती हळू आवाजाला शांतता समजायचं ती पातळी वाढवली. आणखी वाढवली. घरघर कापली जाईपर्यंत वाढवली आणि हात झटकले. ती पातळी माझा भोंगा ओलांडून जातो, बाकीच्यांचे आवाजही बहुतेक ओलांडतात. तुझ्या वाक्यांची टोकं तिच्या खाली राहिली. यंत्राने त्यांना शांतता समजून कापलं, कारण मी त्याला तसं सांगितलं होतं. दर प्रकरणात फाइल चाळीसेक सेकंदांनी लहान होत होती, हे मला पहिल्यापासून दिसत होतं. मला वाटायचं, ते तुझे श्वास आहेत. डिस्क तपासली, पेनड्राइव्ह तपासला, तुला तपासलं. त्या यादीची तेवढी एक खिडकी उघडली नाही. विसरले होते असं म्हणायचा मोह होतो. विसरले नव्हते. ती उघडली असती तर मी तुझ्या पाठीमागे काय करत होते ते मलाच बघावं लागलं असतं.

हे सगळं मला कळलं त्याला आज तीन आठवडे झाले. हो, तीन. मी ते काम यादीतून काढलं, तुझी आठही प्रकरणं पुन्हा बाहेर काढली आणि श्रोत्यांना पाठवली. सुरुवातीला माझ्या आवाजात एक वाक्य: “तांत्रिक दोष दूर केला आहे.” कोणाचा दोष ते सांगितलं नाही. वकीलसाहेबांचा फोन आला, “वा बाई, तुम्ही कमाल केलीत, त्यांचा आवाज परत आणलात!” आणि मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, “बरीच खटपट करावी लागली.” बैठकीत टाळ्या वाजल्या. मी घेतल्या. तुला कळवायचं रोज उद्यावर टाकत गेले. आपल्याशी अबोला धरून बसली आहे, राग शांत झाला की येईल, असं स्वतःला सांगत राहिले. अबोला फक्त माझ्याशीच आहे असं धरून चालले होते, म्हणून मला तो परवडत होता.

काल तुझ्या सुनेचा फोन आला. आधी रडवेली, मग एकदम करडी. म्हणाली, “मावशी, तुम्ही त्यांना काय बोललात ते मला ठाऊक नाही, पण चार महिने झाले, आई कोणाशीच बोलत नाहीत. घरात चिठ्ठ्या लिहितात. ‘भाजीत मीठ कमी.’ ‘गॅस बंद कर.’ फोन वाजला की मोरीत जाऊन नळ सोडतात. डॉक्टर बजावून सांगताहेत की आवाज वापरला नाही तर स्नायू आखडतील आणि असलेलाही जाईल. त्यावर आईंनी कागदावर लिहिलं, ‘जो ऐकूच येत नाही तो वापरून काय करू?’” मला पुढे काही ऐकवेना. फोन मी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी आधी फोन ठेवला असेन.

म्हणून हे पत्र आहे. माफी मागायला असतं तर दोन ओळींत झालं असतं. तुझा आवाज ऐकू येत होता, मुंगे. मी कापला. पाकिटात पेनड्राइव्ह आहे, त्यात दोन फाइली आहेत: चौथं प्रकरण तू वाचलंस तसं, आणि मी केलं तसं. सुनेला लावायला सांग, पुस्तक समोर धर आणि स्वतः टिंबं कर. माझ्यावर विसंबू नकोस. येत्या गुरुवारच्या बैठकीत मी त्याच दोन फाइली सगळ्यांना ऐकवणार आहे, वकीलसाहेबांनाही बोलावलंय, आणि कोणी काय केलं ते त्याच खुर्चीत बसून सांगणार आहे. पण आवाज तुझा आहे. एकदा तुला न विचारता त्याला हात लावला, आता विचारल्याशिवाय लावणार नाही. तेव्हा हो किंवा नाही काय ते तू मला फोन करून सांग. चिठ्ठी पाठवलीस तर मी ती वाचणार नाही. हवं तर शिव्या दे. पंचावन्न वर्षांच्या तुंबल्या असतील. कितीही हळू दे, मध्ये कितीही वेळ थांब. मी फोनपाशी बसले आहे आणि तोंड उघडणार नाही.

तुझीच,
भोंगा